संसर्ग आणि कर्मफळ

डोळे येणे हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतो, आणि नेमकी हीच गोष्ट कर्मसिद्धांतापुढे अडचण उभी करते. ज्याचे त्याने भोगायचे, असे तो सिद्धांत सांगतो. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या आश्रमशाळेत पावसाळ्यात एका मुलाचे डोळे येतात आणि आठवडाभरात वर्गच्या वर्ग डोळे चोळू लागतो. इतक्या जणांची निरनिराळी संचिते, म्हणजे मागच्या कर्मांचे साठे, एकाच आठवड्यात कशी फळाला आली?

प्रश्न जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना तोच विचारतो: माणसांची प्रकृती, आहार, वय, बळ सारे वेगळे, मग एकच रोग गावेच्या गावे कसा ओस पाडतो? आत्रेयांचे उत्तर दुपदरी आहे. वायू, जल, देश आणि काल सर्वांना समाईक. ते बिघडले की रोग सरसकट होतो. आणि ते बिघडतात अधर्मामुळे, प्रज्ञापराधामुळे, म्हणजे बुद्धीच्या चुकीमुळे. सुश्रुत इथे अधिक नेमका आहे. आपल्या संहितेच्या निदानस्थानात कुष्ठाच्या अध्यायाच्या शेवटी तो माणसाकडून माणसाकडे जाणारे रोग सांगतो. त्यात ज्वर आणि शोष यांच्याबरोबर नेत्राभिष्यंद, म्हणजे डोळे येणे, आहे. मार्गही दिले आहेत: अंगाला अंग लागणे, श्वास, एकत्र जेवण, एकच अंथरूण किंवा आसन, दुसऱ्याचे कपडे, माळा, लेप. या यादीत नजर नाही. तरीही डोळे आलेल्याकडे पाहिले की आपलेही येतात, ही समजूत गावोगाव टिकून आहे. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, एवढेच. रोग नजरेने जात नाही, हाताने जातो.

जिवाणूंमुळे डोळे येतात ते बहुधा स्टॅफिलोकॉकस, न्यूमोकॉकस किंवा हिमोफिलस यांच्यामुळे. डोळ्यातला स्राव बोटाला लागतो, बोटावरून टॉवेल, उशी, नळाची तोटी, मोबाइल यांवर जातो आणि तिथून दुसऱ्याच्या बोटाने दुसऱ्याच्या डोळ्यात. घरातली काजळाची एकच डबी सगळ्यांच्या डोळ्यांत फिरते, तेव्हा ती हेच काम करते. देवळातली एक कृतीही नीट पाहावी. तीर्थ ओंजळीत घ्यायचे, प्यायचे आणि ओला हात डोळ्यांना व डोक्याला लावायचा; आरतीवर तळवे फिरवून तेच डोळ्यांवर ठेवायचे. यवतमाळ जिल्ह्यातल्याच कळंबच्या चिंतामणी मंदिरात पायऱ्या उतरून गेल्यावर गणेशकुंड लागते. तिथे यात्रेच्या दिवशी किती हात एकाच पाण्याला आणि एकाच कठड्याला लागत असतील, याचा अंदाज कुणालाही करता येईल. दोष श्रद्धेचा नाही. पण न धुतलेला हात श्रद्धेमुळे निर्जंतुक होत नाही.

आजार ओळखला जातो तो मुख्यतः स्रावावरून. पिवळट-हिरवट, घट्ट चिपडे येऊन सकाळी पापण्या चिकटलेल्या असतील तर जिवाणूंचा संशय घेतात. पाण्यासारखा स्राव, कानापुढची गाठ सुजलेली आणि जोडीला सर्दी-घसा असेल तर विषाणूंचा. दोन्ही डोळ्यांना खाज ही ॲलर्जीची खूण. लक्षणे एकमेकांत मिसळतात, म्हणून नुसत्या पाहण्याला मर्यादा आहे. आजार तीव्र असेल, थेंबांनी हटत नसेल किंवा रुग्ण नवजात असेल, तर कापसाच्या बोळ्यावर स्राव घेऊन ग्रॅम रंगाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ब्लड आगर, चॉकलेट आगर या पोषकमाध्यमांवर जिवाणू वाढायला साधारण एक-दोन दिवस लागतात. 2023च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली. आळंदीच्या नमुन्यांत ॲडिनोव्हायरस सापडला. तो विषाणू असल्याने अँटिबायोटिक थेंब त्याच्यावर चालत नाहीत. यवतमाळात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. कपाशीवरच्या फवारणीचा हंगाम याच दिवसांतला. 2017मध्ये जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, अनेकांच्या डोळ्यांना इजा झाली. फवारणीहून आलेल्या माणसाचे लाल डोळे साथीचे समजून त्याला घरी बसवणे धोक्याचे. डोळे आधी भरपूर पाण्याने धुवायचे आणि लगेच दवाखाना गाठायचा.

कर्माचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो तान्ह्या बाळापाशी. आईला गोनोकॉकस या जिवाणूचा संसर्ग असेल तर प्रसूतीच्या वाटेवर तो बाळाच्या डोळ्यांत जातो, दोन ते पाच दिवसांत डोळे पुवाने भरतात आणि बुबुळ फुटून अंधत्वही येऊ शकते. ज्याने अजून काही केलेलेच नाही, त्याचा दोष शोधायचा तर मागच्या जन्मात जावे लागते. 1880च्या सुमारास लाइप्झिगमध्ये कार्ल क्रेडे यांनी जन्मताच सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि त्यांच्या प्रसूतिगृहात सुमारे दहा टक्क्यांवर असलेले या आजाराचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. संचित एका थेंबाने पुसले गेले असे मानणे कठीण. कारण दुसरीकडे होते, असे मानणे सरळ.

ही वाट परंपरेच्या बाहेरची नाही. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की माणूस जे भोगतो ते सारे पूर्वकर्माचेच का. बुद्ध नाही म्हणतात आणि वेदनेची आठ कारणे देतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, वागण्यातली हयगय, आघात आणि अखेरीस कर्म. आत्रेयही विमानस्थानातल्या त्याच अध्यायात दैवाच्या जोडीला पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, मांडतात. आयुष्य अगोदरच ठरलेले असते तर औषधाची गरजच पडली नसती, असा त्यांचा रोख. म्हणजे संसर्गापुढे कर्माची कल्पना मोडत नाही, तिचे वजन सरकते. भोगणाऱ्याच्या संचितावरून ते देणाऱ्याच्या आजच्या वागण्यावर, क्रियमाणावर येते. डोळे आलेला माणूस पापी नसतो; पण ठाऊक असूनही त्याने आपला टॉवेल दुसऱ्याला दिला, तर ते कर्म त्याचेच.

मग अशा माणसाने दर्शनाला जावे का? परंपरेत मानसपूजेला पूर्ण मान आहे, तिला ना तीर्थ लागते ना गर्दी. जिवाणूंच्या आजारात उपचार सुरू होऊन चिपडे थांबेपर्यंत, विषाणूंच्या आजारात डोळे गळायचे थांबेपर्यंत, म्हणजे कधी दोन आठवडेही, घरी थांबायचे आणि डोळ्याला हात लागला की तो साबणाने धुवायचा.