मृदंगाकडे काय मागावे?



गेल्या चैत्रात दिंडोरीजवळच्या एका गावी सप्ताह होता. तिसऱ्या दिवशी कीर्तन आटोपून मी पारावर टेकलो होतो. एक द्राक्षबागाईतदार आपल्या मुलाला घेऊन आले, पाया पडले आणि म्हणाले, "महाराज, पोराला मृदंग शिकवायला घालायचं म्हणतो. त्यानं बुद्धी चालेल ना? दहावीला मार्क वाढतील ना? पुढं नोकरीत उपयोग होईल ना?"

"उद्या सांगतो," एवढेच मी म्हणालो. कारण हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी मला एकाने विचारला होता, आणि तेव्हा दिलेले उत्तर आजही मला टोचते आहे.

तेव्हा वय तरुण, आवाज चढा. भर कीर्तनात मी बोलून गेलो, "मृदंग शिकेल तो परीक्षेत पडणार नाही!" लोक डोलले. एका बापाने ते शब्द खरे धरले आणि मुलाला मृदंग घेऊन दिला. मुलगा हाताचा गोड होता. पण दहावीला गणितात नापास झाला. बापाने मृदंग विकून टाकला, म्हणाला, "याच्यापायीच पोर वाया गेलं." तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. या सप्ताहात तो मागच्या रांगेत हात बांधून उभा होता. मी विचारले, "टाळ का घेत नाहीस बाबा?" तो म्हणाला, "महाराज, मी नापास झालो तो अभ्यास केला नाही म्हणून. पण तुम्ही वडलांना तसं सांगितलं नसतं, तर मृदंग तरी राहिला असता."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून हा विचार.

आम्ही पाठशाळेत थोडा न्याय घोकला. तेथे घटाचा दृष्टांत येतो. घटाला माती लागते, चाक लागते, कुंभार लागतो. ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली तेही तेथे उभे असते; पण ते घटाचे कारण नव्हे, माती दुसऱ्या रीतीनेही आली असती. शास्त्र त्याला 'अन्यथासिद्ध' म्हणते. तसेच येथे पहा. गाणे-वाजवणे शिकणारी मुले शाळेत पुढे दिसतात, हे खरे. पण ज्या घरी मुलाला गुरूकडे नेण्याची सवड आहे, आस्था आहे, फी भरण्याची ऐपत आहे, त्या घरी अभ्यासाकडेही लक्ष असतेच. मग यश मृदंगाचे म्हणावे की घराचे?

हे पाहायचे तर अन्वयाबरोबर व्यतिरेकही लावला पाहिजे. आजच्या शास्त्रज्ञांनी तो लावला. कॅनडात टोरांटो येथे १४४ लहान मुले घेतली. काहींना गाणे शिकवले, काहींना वाद्य, काहींना नाटक, आणि काहींना वर्षभर काहीच नाही. २००४ साली त्याचा निकाल छापून आला. संगीतवाल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांहून किंचित अधिक वाढला. नाटकवाली मुले चारचौघांत वागण्यात सुधारली. पुढे २०२० साली दोघा अभ्यासकांनी असले ५४ अभ्यास एकत्र करून तपासले. जेथे दुसऱ्या मुलांनाही तितकेच काही शिकवून तुलना नीट केली होती, तेथे संगीताचा वेगळा लाभ जवळजवळ शून्य निघाला.

आपल्याकडची उदाहरणे पहा. पंडित भातखंडे वकिलीची परीक्षा झालेले. संगीताने त्यांची वकिली भरभराटली का? त्यांनी वकिलीच सोडली आणि जन्म संगीतशास्त्राला दिला. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेबखात्यात कित्येक वर्षे नोकरी करीत होते. गाण्याने नोकरी चालली नाही. नोकरीने गाणे सांभाळले. आणि आपले संत? नामदेवराय शिंपी, गोरोबाकाका कुंभार, सावतोबा माळी. कुणी सुई टाकली नाही, कुणी चाक टाकले नाही, कुणी मळा टाकला नाही. आणि कुणी नामाशी सौदाही केला नाही.

मग कोणी विचारील, "महाराज, मृदंगाने काहीच मिळत नाही काय?" मिळते, पण मिळते ते मृदंगाचेच. दिंडीत मृदंगी पहा. सोबत वीणेकरी, टाळकरी, आणि याचे कान सगळ्यांकडे. टाळ पळू लागला तर हा त्याला धरून आणतो, चाल बदलली तर आधी ओळखतो. सम चुकली तर दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही; साऱ्या दिंडीला ती ऐकू येते. डाव्या पुडीला कणीक किती लावावी हे रोज हातानेच समजते. ऐकणे, आपली चूक आपली म्हणणे, रोज बसणे, हे तीन गुण तेथे अंगी मुरतात. ते कचेरीत किंवा मळ्यात आपोआप चालत जात नाहीत. माणसाने विचाराने नेले तर जातात, नाही तर मृदंग खुंटीला टांगताना तेही तेथेच टांगले जातात. उत्तम वाजवणारे आणि घरात कुणाचे न ऐकणारे मी पुष्कळ पाहिले आहेत!

फळाचे खोटे वचन दिले की पुढे काय होते, हे ध्यानात घ्या. फळ आले नाही की माणूस झाड तोडतो. माझ्या शब्दाने तेच केले.

दुसऱ्या दिवशी ते बागाईतदार आले. मी म्हणालो, "द्राक्षवेलीखाली उभं राहून कांदा किती निघेल, असं तुम्ही विचारता का? दहावीला अभ्यासच करावा लागेल. मृदंग शिकवा तो मृदंगासाठी, भजनासाठी. आणि एक शब्द मला द्या. पोरगा उद्या नापास झाला तरी मृदंग विकायचा नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दिला शब्द."

काल्याच्या दिवशी मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थाला मी पुढे बोलावले आणि मृदंग त्याच्यापुढे ठेवला. भर मंडपात त्याची क्षमा मागितली. तीस वर्षांनी हात लागला. बोटे अडखळली, ठेका दोनदा सुटला. टाळकऱ्यांनी लय धीमी केली आणि त्याला सांभाळून घेतले.

त्या वाजवण्यातून त्याला कोणती परीक्षा पास व्हायची होती?

रामकृष्णहरी.