पातेरा ओढताना

फाल्गुनातली सकाळ आहे. कोकणातल्या घरामागचं परडं डोळ्यांसमोर आणा. फणसाखाली कालच्या पानांवर आजची पानं पडली आहेत. ऊन अजून माडांच्या शेंड्यांवरच आहे. दाताळं हातात असलं तरी लगेच ओढायला लागू नका. जरा उभे राहा.

मागल्या पायरीवर एक पान पडलंय, ते उचला. देठाचं टोक बघा. चिरफाड नाही, कड कशी साफ आहे. पान टाकण्याआधी झाडानं त्यातलं नत्र, स्फुरद जमेल तेवढं परत घेतलं. देठाच्या बुडाशी पेशींचा पातळ थर धरला, आणि मगच पान सोडलं. वर फांदीवर हे कितीतरी दिवस चाललं होतं, आपल्या नकळत. तुमचा श्वासही तसाच सोडा, सावकाश.

आता ऐका. पातेऱ्यात, म्हणजे या गळलेल्या पानांच्या थरात, विंचू असतो, गोम असते, आणि आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं असतं. वाळक्या पानाच्याच रंगाचं, दिसता दिसत नाही. डिवचलं गेलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं, करवत चालावी तशी खरखर येते. ते बरेचदा जागचं हलत नाही, म्हणून लांब राहायचं ते आपण. पायात बूट हवेत. दाताळ्यानं कडेला हलकेच थोपटा, थांबा, पुन्हा ऐका. पातेऱ्यात हात घालायचा नाही, हे आजीनं मला इतक्यांदा सांगितलंय की आजही हात आपसूक मागे येतो.

आता ओढा. वारा पाठीवर घ्या. एक पाय पुढे, गुडघे सैल, पाठ सरळ. लांबवर हात ताणू नका. छोटी ओढ, स्वतःकडे. दहाबारा ओढी झाल्या की हात बदला. पानांवर दव आहे तोवर ती चुरत नाहीत, धूळही नाकात जात नाही. ओढीबरोबर श्वास आत, दाताळं उचलताना बाहेर. घाई कसली?

ढीग जुन्या लुगड्यावर घ्या. उचलू नका, टोकं धरून ओढत न्या. आजोबांच्या वेळी हा पातेरा भाताची दाढ, म्हणजे रोपं करायची जागा, भाजायला जायचा. मला आता तो जाळवत नाही. फणसाच्याच आळ्यात वीतभर जाड पसरा, खोडापासून थोडा दूर ठेवून. वर शेणकाला शिंपडा.

जाण्याआधी दाताळ्याच्या टोकानं आळ्यातला जुना थर जरासा उचला. गेल्या वर्षीच्या पानाची नुसती शिरांची जाळी उरली आहे. बुरशीचे पांढरे धागे आहेत, ओल आहे. आणि त्या जाळीतून, मातीतून वर येऊन, फणसाचं केसाएवढं मूळ आरपार गेलेलं आहे.