पांडुरंगा, माझ्या हातांना शिकव

पांडुरंगा, आमच्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. त्याच गावात माझी उमर मागावर गेली. बारा तासांची पाळी, पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, ठरलेली मजुरी आणि धोट्याचा खडखडाट. आता साधे माग भंगारात गेले. त्यांच्या जागी आलेल्या रेपियर मागांना माणसं थोडी लागतात. मालकावर माझा राग नाही, कर्ज त्याच्याही डोक्यावर होतं. पण पन्नाशी उलटल्यावर मी अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा शिकायला बसलोय, आणि त्यासाठी तुझ्यापुढे हात जोडतोय.

वर्गातली पोरं माझ्या मुलीच्या वयाची. शिकवणाऱ्या बाई मला काका म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणतो. देवा, मान खाली घालून मागच्या बाकावर बसायची बुद्धी मला देऊ नकोस. समजलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायची जीभ दे.

माझ्या कानांकडे जरा जास्त लक्ष दे. मागाच्या आवाजानं ते थकलेत. बीपी घेताना दंडाचा पट्टा फुगवायचा, मग हवा हळूहळू सोडायची. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके थांबतात तो खालचा. बाजारात आकडा दाखवणारी यंत्रं मिळतात, हे खरं. पण मॅडम म्हणतात, सेल संपला तर काय कराल? त्यांचं बरोबर आहे. म्हणून तो पहिला ठोका मला ऐकव, विठ्ठला. नाडी मात्र बोटांना सापडते. अंगठा लावायचा नाही, कारण त्यात आपलीच नाडी लागते. तुटलेला दोरा चिमटीत धरून गाठ मारणारी ही बोटं मनगटावर थांबतात तेव्हा माझा जीव भरून येतो.

चादरीचंही तसंच. लोळागोळा झालेल्या माणसाच्या पाठीखाली चादरीची एक चुणी राहिली तरी कातडी दुखावते, पुढे जखम होते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर ताणून बसवायची. ती चुणी वर्गात सगळ्यांत आधी मला दिसते. कापड मी ओळखतो. ही ओळख वाया गेली नाही, एवढं कळलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं.

तुझ्यापाशी बोलायला संकोच वाटत नाही, कारण दुसऱ्यांची कामं तूही केलीस. जनाबाईबरोबर दळलंस, सेना न्हाव्याच्या जागी धोकटी घेऊन राजाकडे गेलास, पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीनं पाणी वाहिलंस. लोक यात तुझी माया बघतात. मला वाटतं, जात्याचा खुंटा पहिल्यांदा धरताना तुझ्याही तळव्याला फोड आला असेल. तो हात माझ्या हातावर ठेव.

माझ्याबरोबर मागावरून उठलेल्या सगळ्यांकडे बघ. मुंबईत 1982 च्या संपानंतर गिरणीतले किती कामगार वॉचमन झाले, किती जणांनी भाजीची पाटी डोक्यावर घेतली! नवं काम हाताला धरून शिकवणारं त्यांतल्या बहुतेकांना कुणी भेटलं नाही. आज हातातलं काम गेलेल्या माणसाला असं कुणीतरी भेटू दे. आणि शिकताना त्याच्या घरची चूल पेटती राहू दे. रिकाम्या पोटी कुणाचं लक्ष फळ्यावर राहत नाही.

उद्यापासून वॉर्डात जायचं आहे. परक्या माणसाचं अंग पुसताना त्यालाही लाज वाटेल, मलाही. आधी त्याचं नाव विचारायचं. काय करणार ते सांगायचं. पडदा ओढायचा, पाणी कोमट आहे का ते बघायचं, आणि जेवढं पुसायचं तेवढंच अंग उघडं करायचं. हे मला याच क्रमानं आठवू दे, देवा. पुढे तोंडी परीक्षेत माझा आवाज कापला तर कापू दे, पण पेशंटला कुशीवर वळवताना माझा हात कापू देऊ नकोस.