आधी रंग की आधी ब्रेक?

दसऱ्याच्या दिवशी महाराष्ट्रातल्या कोणत्याही गल्लीतून चालत गेले तर घरासमोर धुऊन-पुसून उभ्या केलेल्या मोटरसायकली दिसतात. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. कर्नाटक-तमिळनाडूत हीच पूजा आयुधपूजा म्हणून होते. बंगाल, बिहार, ओडिशाकडे १७ सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्मा पूजेला यंत्रे आणि वाहने सजतात. ज्या साधनावर आपला चरितार्थ चालतो त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, ही आपल्या संस्कृतीतील सुंदर जाणीव आहे. पण त्या माळेपासून हातभर अंतरावर, पुढच्या चाकाच्या ड्रममध्ये, ब्रेकचे लायनर असते. ते किती झिजले आहे हे पूजा करणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते?

हा प्रश्न टोमणा म्हणून विचारलेला नाही. आपल्या परिचयातील कितीतरी तरुण पहिली मोटरसायकल जुनी आणि स्वस्तातली घेतात. नवी परवडत नाही, कर्ज नको असते, आणि स्वतःच्या हाताने काही दुरुस्त करावे ही उमेदही असते. दिल्लीच्या करोल बागेत, पुण्याच्या नाना पेठेत, चेन्नईच्या पुदुपेटमध्ये जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधत फिरणारी मुले पाहिली की मनाला बरे वाटते. टाकून देण्याच्या काळात कोणीतरी जपायला निघाले आहे. अशा मुलासमोर पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न येतो आणि तो पैशाचा आहे असे त्याला वाटते. माझ्या मते तो धर्माचा प्रश्न आहे. पैसे थोडे आहेत, कामे पुष्कळ आहेत. आधी काय करायचे?

समजा गाडी हिरो होंडा स्प्लेंडर आहे. १९९४ मध्ये आलेली, शंभर सीसीच्या आतबाहेरची, साधी, कुठल्याही गावातला मिस्त्री डोळे मिटून उघडील अशी गाडी. शिकाऊ माणसाला याहून चांगली दुसरी सापडणे कठीण. हिरो आणि होंडा यांनी २०१० च्या अखेरीस वेगळे होण्याचे ठरवले, त्यामुळे टाकीवर ते जोडनाव असलेली गाडी आज दहा-पंधरा वर्षांची तरी असतेच. मुलाने ती पंधरा हजारांत आणली असे धरू, आणि हातात आणखी सात-आठ हजार उरले आहेत. टाकीवरचा रंग उडालेला, सीट फाटलेली, सायलेन्सर गंजलेला. मित्र येऊन पाहतात ते हेच. बाजारात टाकी आणि बाजूची कव्हरे रंगवून, नवी पट्टी आणि नवे बोधचिन्ह लावून गाडी नवीकोरी दिसू लागते. काही हजारांत आठवड्याभरात कायापालट होतो, आणि पहिल्या फेरीला सगळे म्हणतात, वा!

आता न दिसणारी कामे पाहू. ती सविस्तर पाहण्यासारखी आहेत, कारण आपला प्रश्न त्यांच्यातच दडलेला आहे.

टायरवर बाजूला चार आकडी एक खूण असते. २३१४ असे असेल तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी पुरेशी दिसत असली तरी रबर वयाने कडक होते, त्याला बारीक चिरा जातात आणि पावसाळ्यात ते रस्ता धरत नाही. वरून काळे पॉलिश मारले की त्या चिरा दिसेनाशा होतात. ड्रम ब्रेकच्या बाहेर, ब्रेकच्या दांड्यापाशी, एक छोटा बाण असतो आणि प्लेटवर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोहोचला तर आतले शू बदलायला आले. चाक काढायलाही लागत नाही, वाकून बघायचे एवढेच. (चाक काढून ड्रम उघडलाच तर आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावे.) चेन जिथे जोडलेली असते तिथे एक पत्तीची क्लिप असते. तिचा बंद टोकाचा भाग चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवा. उलटी बसवली तर ती कशाला तरी अडकून निसटू शकते, आणि चालत्या गाडीची चेन चाकात गुंतली तर पुढे काय होते ते सांगायला नको. मागच्या ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी असते. तिच्या नटातून एक बारीक पिन ओवलेली असते. जुन्या गाड्यांत ती पिन बरेचदा नसतेच, किंवा तिच्या जागी तारेचा तुकडा असतो. पिनेची किंमत चहाच्या कपाएवढीसुद्धा नाही.

ब्रेक शूंची जोडी काही शे रुपयांत येते. ब्रेकची आणि क्लचची वायर त्याहून स्वस्त. दोन टायर आणि चेनचा संच हा मोठा खर्च. हे सगळे केले तर रंगाला पैसे उरत नाहीत, आणि एवढे करूनही गाडी होती तशीच भंगार दिसते. कोणी वा म्हणत नाही.

इथे आपण नेहमी एक कसोटी सांगतो: या गाडीवर तू आईला बसवशील का? कसोटी चांगली आहे. पुष्कळ मुले त्या एका वाक्याने जागेवर येतात. पण मला ती अपुरी वाटते. आई मागे बसते तेव्हा ती मुलाला ओळखते, गाडीही पाहते, आणि विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याची थोडी तरी संधी तिला असते. रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलीला ती नसते. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला नसते. या मोटरसायकलीचे लायनर झिजले आहे आणि तरीही ती रस्त्यावर आणायची, हे ठरवताना त्यांना कोणी विचारलेले नसते. आपण जो धोका स्वतःच्या जिवावर घेतो असे म्हणतो, त्याचा मोठा वाटा आपण न विचारता दुसऱ्यांच्या नावावर चढवत असतो. अहिंसेचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे शस्त्र येते, राग येतो, कठोर शब्द येतो. पाहायचे टाळलेले लायनर सहसा येत नाही. त्यात द्वेष नसतो, हेतूही नसतो. तरीही समोरच्याच्या शरीराला होणारी इजा तीच असते.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. यातले सगळे अपघात नादुरुस्त गाड्यांमुळे झाले असे मुळीच नाही. वेग, दारू, हेल्मेट नसणे, खराब रस्ते ही कारणे मोठी आहेत. पण जी गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे, ज्यासाठी सरकारची किंवा दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागत नाही, तिच्यापासून सुरुवात करायला हरकत कसली? शिवाय एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना एबीएस किंवा दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची आहे. आपल्या जुन्या गाडीत ती नाही. नवशिक्याच्या हाताला आणि पायाला दोन्ही ब्रेक वेगवेगळे सांभाळायचे आहेत. त्याची चूक झाकून घेणारे काहीच नाही म्हटल्यावर निदान ब्रेक तरी धड हवेत.

एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. गरिबाने असा विचार करावा कसा? शेतावर, दूध घालायला, कामाला जाणारा माणूस मिळेल ती गाडी चालवतो. त्याला नीतीचे पाठ देणे सोपे आहे. खरे आहे. म्हणूनच किती खर्च करावा असे कोणालाच सांगता येत नाही. विचारायचे आहे ते क्रमाबद्दल. असतील त्या दोन हजारांत आधी काय? दूधवाला बहुतेक वेळा आधी ब्रेकच करतो, कारण त्याला रोज जायचे असते. रंगाचा मोह आपल्यासारख्यांना जास्त असतो, ज्यांना लोकांनी पाहावे असे वाटते.

दुसरा मुद्दा स्वतःच्या हाताने करण्याचा. हाताला वंगण लागल्याशिवाय यंत्र कळत नाही असे म्हणतात, आणि बऱ्याच अंशी ते खरे आहे. अमेरिकन लेखक रॉबर्ट पिर्सिग तरुणपणी बनारस हिंदू विश्वविद्यालयात भारतीय तत्त्वज्ञान शिकायला आले होते. मोटरसायकलीची निगा आणि झेन यांवरचे त्यांचे पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एक लहानसा प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल होते. बिअरच्या डब्याच्या अॅल्युमिनियमची पट्टी कापून खाली घातली की काम होणार असते, आणि ती पट्टी त्या कामाला अगदी योग्य असते. पण एवढ्या किमती गाडीला डब्याचा तुकडा लावायचा हे मित्राला सहन होत नाही. त्याला वस्तूचे रूप दिसते, तिचा गुण दिसत नाही. आपल्या रंगवेड्या मुलाचे नेमके हेच झालेले असते.

मात्र स्वतः करण्याचाही अहंकार होतो, आणि तो रंगाच्या मोहापेक्षा ओळखायला अवघड असतो, कारण तो साधेपणाचा वेष घेऊन येतो. कार्ब्युरेटर खोलून साफ करावा, प्लग पुसावा, चेनला ताण द्यावा (खाली मध्यावर बोटाने वरखाली केली तर दोन-अडीच सेंटिमीटर हलायला हवी), तेल बदलावे. चुकले तर गाडी बंद पडेल आणि ढकलत आणावी लागेल, त्याने कोणाचे नुकसान नाही. ब्रेक, चाकाचे बेअरिंग, हँडलचा कोन सेट यांचे तसे नाही. पहिल्या वेळी हे काम जाणत्या मिस्त्रीकडे, त्याच्या शेजारी बसून, विचारत विचारत करून घ्यावे. ‘काका, मला येत नाही, दाखवता का?’ एवढे वाक्य म्हणायला जमले तर तो मिस्त्री बहुधा पुस्तकात नसलेल्या चार गोष्टी सांगतो. त्याच्या कामाचे पूर्ण पैसे द्यावेत, घासाघीस करू नये.

काही गाड्या मात्र वाचवू नयेत. चेसिसला, विशेषतः हँडलच्या मुळाशी, तडा गेलेला असेल, कुठेतरी वेल्डिंग करून वर रंग मारलेला असेल, तर ती गाडी कितीही प्रिय वाटली तरी रस्त्यावर आणण्याची नाही. आपण तिच्यावर चार महिने घालवले, पैसे ओतले, म्हणून ती चालवण्याचा हक्क निर्माण होत नाही. जपणे आणि चिकटून बसणे यांतला फरक मनाला पटायला वेळ लागतो. चेसिसचा तडा तो लगेच दाखवतो.

कागदांबद्दल थोडक्यात. गाडी आपल्या नावावर झाली नाही तर कायद्याच्या दृष्टीने मालक जुनाच राहतो. गाडी पुढे हातोहात विकली गेली, नाव मात्र बदलले गेले नाही, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदणीत नाव असलेल्या मूळ मालकालाच अपघाताच्या भरपाईसाठी जबाबदार धरले. म्हणजे ‘नंतर करू’ म्हणून आपण ज्याचे नाव आर.सी. बुकावर तसेच ठेवतो, त्या अनोळखी माणसाच्या डोक्यावर आपल्या प्रत्येक फेरीचा भार असतो. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. दिल्ली परिसरात नियम याहून कडक आहेत, तिथल्या वाचकांनी गाडी घेण्याआधीच चौकशी करावी. थर्ड पार्टी विमा तर हवाच. त्याचे नावच पाहा: तो आपल्यासाठी नाही, त्या तिसऱ्यासाठी आहे, ज्याला आपण विचारले नव्हते.

इंजिनातून काढलेले जुने तेल गटारात किंवा झाडाखाली ओतू नये. डब्यात भरून ते जमा करून घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. आणि एक छोटी वही करावी. कोणत्या तारखेला काय बदलले, किती किलोमीटरवर, काय करायचे राहिले आहे. टायरच्या चार आकड्यांपासून त्या पिनेपर्यंत सगळे त्यात असावे. दोन-तीन वर्षांनी गाडी विकाल तेव्हा किंमत ठरण्याआधी ती वही घेणाऱ्याच्या हातात द्यावी, ‘राहिले आहे’ ते पान उघडून. त्याने हजार रुपये कमी देऊ केले तर घ्यावेत.