आत्म्याचा पत्ता

देहात आत्मा नेमका कुठे असतो, यावर पंडित अजून भांडताहेत. व्हायोलिनपुरता हा निकाल इटालियनांनी केव्हाच लावलाय. घोडीच्या उजव्या पायामागे, पोटात एक काडी उभी असते. तिला ते सरळ ‘आनिमा’ म्हणजे आत्मा म्हणतात. या आत्म्याला ना सरस, ना खिळा. दोन फळ्यांमध्ये तो नुसता दाबून बसवलेला. तारांचा ताण त्याला धरून ठेवतो. म्हणून तारा एकेक करून बदलायच्या. चारी एकदम उतरवल्या, तर आत्मा आडवा व्हायची भीती!

आमच्या बँकेत जो तो म्हणतो, “एकदा रिटायर झालो की सगळे ताण खलास!” मला धडकी भरते. आईचं औषध, मुलीची फी, घराचा हप्ता आणि साहेब, या माझ्या चार तारा. सुटका हवी, पण एकेकीनं. सुरुवात साहेबांपासून करायला माझी हरकत नाही.