मोठी मोटर आणि जुना विश्वास

छंदाच्या रॉकेटचा तयार संच म्हणजे कागदी नळी, बाल्सा लाकडाचे पंख, हलके नाक आणि परतीसाठी छोटे पॅराशूट. त्याला कोणती मोटर चालेल, हे खोक्यावर छापलेले असते. मोटरींची ताकद इंग्रजी अक्षरांनी सांगतात. प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट होते : ‘ए’ला 2.5 न्यूटन-सेकंद, ‘सी’ला 10, ‘डी’ला 20. संचातली 18 मिलिमीटरची बैठक काढून तिथे 24 मिलिमीटरची बसवली, की ‘डी’ मोटर आत मावते. रंग तोच, पंख तेच, नावही तेच राहते. मग आजवर प्रत्येक वेळी सरळ उडालेल्या रॉकेटवरचा विश्वास या बदललेल्या रॉकेटला लागू होतो का? प्रश्न खेळण्याचा दिसतो, पण भारतीय दर्शनांनी तो ‘प्रामाण्यवाद’, म्हणजे ज्ञान खरे कशावरून याचा वाद, या नावाखाली शतकानुशतके लढवला आहे.

आधी रॉकेटचे यंत्रशास्त्र पाहणे आवश्यक आहे. रॉकेट ज्या बिंदूवर तोलून धरता येते तो त्याचा गुरुत्वमध्य. वाऱ्याचा एकूण दाब जिथे लागतो तो दाबकेंद्र. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे, किमान नळीच्या एका व्यासाइतका असला, तर डगमगलेले रॉकेट वारा स्वतःच सरळ करतो. मोठी मोटर जड असते आणि ती शेपटीला बसते, त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो दाबकेंद्राच्या मागे गेला तर तोच वारा रॉकेटला उलथवतो. नाकात वजन घालणे किंवा पंख मोठे करणे हे त्यावरचे उपाय. दाबकेंद्र काढण्याची सोपी समीकरणे जेम्स बॅरोमन यांनी 1966 साली छंदींसाठी मांडली. दोरीची चाचणी त्याहून सोपी : मोटर भरलेले रॉकेट गुरुत्वमध्यापाशी दोरीला बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचे. नाक पुढे धरून फिरले तर ठीक; शेपूट पुढे आली तर ते उडवायचे नाही.

नियम ज्या न बोललेल्या अटीवर टेकलेला असतो, तिच्यासाठी न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, नेमका शब्द दिला आहे : उपाधी. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हा नियम चुलीपाशी बसणाऱ्याला खरा वाटतो, पण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर निघत होता तो ओल्या सरपणामुळे. ती अट कुणी बोलून दाखवली नव्हती, कारण चुलीत ती नेहमी पुरी होतच होती. ‘हे रॉकेट सरळ उडते’ हे वाक्यही असेच एका न बोललेल्या अटीवर उभे असते. लहान मोटर ती अट गुपचूप पाळत होती. मोठी मोटर रॉकेट बिघडवत नाही. जुना नियम कशावर टेकला होता, ते ती उघड करते.

याच जागी दोन दर्शने समोरासमोर येतात. सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध मानतात : ज्ञान उपजताच खरे धरायचे, विरोधी ज्ञान आले किंवा ज्ञानाच्या कारणात दोष सापडला, तरच ते सोडायचे. न्यायमत उलटे. प्रामाण्य बाहेरून ठरते, ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला आली की. ओळखीच्या बाबतीत मात्र नैयायिकही दर वेळी फळाची वाट पाहत नाहीत. आधी पारखलेल्या ज्ञानाच्या जातीचेच हे आहे, एवढ्यावर ते भागवतात. चौदाव्या शतकात गंगेश उपाध्यायांच्या ‘तत्त्वचिंतामणी’त या वादाला स्वतंत्र प्रकरण मिळाले. धोका आहे तो ‘त्याच जातीचे’ या शब्दांत. जात नावावरून ठरवायची की उपाधीवरून?

भारतात तयार मॉडेल रॉकेटांचा छंद फारसा रुजला नाही; बंदुकीच्या दारूने भरलेली मोटर स्फोटकांच्या कायद्याखाली येते. इथे हा प्रश्न उभा राहिला तो मोठ्या रॉकेटांपुढे. 18 जुलै 1980 रोजी एसएलव्ही-3 ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. एसएलव्ही-3 ची झेप सुमारे 40 किलोंची होती, आणि हवे होते 150. म्हणून त्याच्या पहिल्या टप्प्याच्या मोटरीवरून घडवलेल्या दोन मोटरी दोन बाजूंना जोडून एएसएलव्ही उभारले. मोटरी पारखलेल्या जातीच्या होत्या, तरी 24 मार्च 1987 आणि 13 जुलै 1988 ची दोन्ही उड्डाणे फसली. एसएलव्ही-3 ची पहिली मोटर जमिनीवर पेटत असे. एएसएलव्हीत जोडमोटरी विझल्यावर मधली मोटर वर हवेत पेटायची होती. पहिल्या उड्डाणात ती पेटलीच नाही; दुसऱ्यात त्या संधीच्या क्षणांत नियंत्रण अपुरे पडून यान मोडले. ज्या सांध्याची परीक्षा कधी झालीच नव्हती, तिथेच घात झाला. पुढच्या यानाला बुडाशी पंख दिले आणि जोडमोटरींचा जोर ओसरल्याचे उड्डाणातच ओळखून मधली मोटर पेटवण्याची सोय केली. ते 20 मे 1992 रोजी कक्षेत पोहोचले, ठरल्यापेक्षा खालच्या. छंदी माणूस जिथे पंख वाढवतो, तिथेच इस्रोनेही ते लावले, ही गोष्ट मनाला भिडते.

पुढे इस्रोच्याच पीएसएलव्ही रॉकेटाच्या सहा जोडमोटरी सुमारे 9 टनांवरून 12 टन इंधनाच्या झाल्या आणि 22 ऑक्टोबर 2008 रोजी चांद्रयान-1 त्यांच्याच जोरावर निघाले. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात विकास इंजिन असते. त्यातल्या इंधनाला ऑक्सिजन पुरवणारे डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड खालापूर तालुक्यातल्या रसायनीत, हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या कारखान्यात तयार होत आले. इंधनाशी गाठ पडताच ते ठिणगीवाचून पेटते. ते उकळते साधारण 21 अंश सेल्सिअसला. रसायनीतली दुपार बहुतेक त्याहून गरम असते, म्हणून ते दाबाखाली बंद टाक्यांतच राहते. 2017 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतले न परवडणारे विभाग बंद करण्याचे आणि हे रसायन बनवणारा एक विभाग इस्रोकडे सोपवण्याचे ठरवले. रसायनांवरून नाव पडलेल्या गावासाठी तो निर्णय जड होता. प्रामाण्याच्या दृष्टीने मात्र ही मोटरीच्या उलट बाजू आहे : पाटीवरचे नाव बदलूनही विश्वास टिकतो, कारण तो मालकीवर नव्हे, द्रव्याच्या शुद्धतेवर टेकलेला असतो.

मीमांसकांचा एक आक्षेप उरतो आणि तो पक्का आहे. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्याने तपासायचे, तर तपासणाऱ्याला कोण तपासणार? दोरीची चाचणी तरी खरी कशावरून? याला अनवस्था म्हणतात. नैयायिक उदयनाचार्यांचे उत्तर व्यवहाराचे आहे : शंका घेणाऱ्याची स्वतःचीच कृती जिथे शंकेला खोटी पाडते, तिथे शंका संपते. धुरासाठी रोज विस्तव पेटवणाऱ्याने विस्तवाने धूर होतो का, असे विचारण्यात अर्थ नसतो. पण ही सीमा ओळखीच्या चुलीची आहे. बैठक बदललेल्या रॉकेटची ती नाही. विकास इंजिनाचा जोर सुमारे 6 टक्क्यांनी वाढवला, तेव्हा इंजिन त्याच घराण्याचे होते आणि वाढ थोडी होती. तरीही जुलै 2018 मध्ये तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला ते जमिनीला जखडून 195 सेकंद सलग जाळून पाहिले.