वाजवणाऱ्याचं यश कोण मोजतं?

विरारचं नाव सिनेमाशी जोडलं जातं ते गोविंदामुळे. वसईच्या अण्णासाहेब वर्तक महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला हा मुलगा 1986 मध्ये पडद्यावर आला आणि देशभर गाजला. त्याच्या आईचं, निर्मलादेवींचं नाव त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे. बनारसला जन्मलेल्या, पतियाळा घराण्याची ठुमरी गाणाऱ्या निर्मलादेवींचे पती अरुणकुमार आहुजा चित्रपटनिर्मितीत बुडाले आणि कुटुंब विरारला आलं. तिथे मुलं वाढली, पण निर्मलादेवींचं गाणं थांबलं नाही. लक्ष्मी शंकर यांच्यासोबतच्या त्यांच्या ठुमऱ्या जाणकार आजही शोधून ऐकतात. 1972 च्या 'बावर्ची'तही मन्ना डे आणि किशोरकुमार यांच्या जोडीला त्यांचा आवाज आहे. मायलेकांत यशस्वी कोण, असं विचारणंच अन्यायाचं आहे. दोघांचं यश मोजणारी माणसं निराळी होती.

ही मोजणारी माणसं काळागणिक बदलत गेली. वसई-विरार ज्यात येतात त्या पालघर जिल्ह्यात तर या बदलाच्या जुन्या-नव्या खुणा एकाच वेळी पाहायला मिळतात. जव्हारकडच्या वारली पाड्यांवर वाळलेला दुधी, बांबू आणि ताडाची पानं यांपासून तारपा बनतो. वाजवणारा दम न तोडता फुंकत राहतो, त्याने सूर बदलला की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. तिथे वेगळा प्रेक्षक नसतो. नाच रात्रभर टिकला की तारपकरी जिंकला. पावती नाचणाऱ्यांचे पायच देतात. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांनी वडिलांकडून आलेली ही विद्या आयुष्यभर सांभाळली. संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि 2026 मध्ये जाहीर झालेली पद्मश्री त्यांच्याकडे वयाच्या नव्वदीच्या आसपास आली. दिल्लीला हे यश तेव्हा दिसलं. पाड्याला ते कित्येक दशकं माहीत होतं.

राजदरबारात मात्र हे मोजमाप एका माणसाच्या हाती असे. राजा खूश तर बिदागी, नाहीतर निरोप. विष्णु दिगंबर पलुस्करांना ही लाचारी सहन झाली नाही. 1896 मध्ये मिरज सोडून ते गावोगाव फिरले, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गवयाने सामान्य माणसाच्या पैशावर ताठ मानेने जगावं, हा विचार त्या काळी धाडसाचाच होता.

पण तिकीटही पूर्ण उत्तर ठरलं नाही. बालगंधर्वांइतकं प्रेम मराठी रसिकांनी क्वचितच कुणाला दिलं असेल. तरीही 1913 मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीवर कर्जाचा डोंगर उभा राहिला. भरजरी शालू आणि अस्सल अत्तर यांवर खर्च करताना त्यांनी हात आखडला नाही. थिएटर भरलेलं आणि तिजोरी रिकामी, हे चित्र आजच्या कित्येक नाट्यनिर्मात्यांना ओळखीचं वाटेल.

ध्वनिमुद्रिका आली तेव्हा आवाज घरोघर पोचला आणि गाणारा माणूस मात्र दिसेनासा झाला. 1949 च्या 'महल'मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर आधी लता मंगेशकरांऐवजी 'कामिनी' हे पात्राचं नाव छापलं होतं. श्रोत्यांनीच गायिकेचं नाव विचारायला सुरुवात केली. पुढे लताबाईंनी फिल्मफेअरच्या सोहळ्यात गायला नकार दिला, कारण पार्श्वगायकांसाठी पुरस्कारच नव्हता; तो 1959 पासून सुरू झाला. श्रेयनामावलीत नाव येणं, हाही यशाचा भाग आहे, हे त्यांनी भांडून मान्य करून घेतलं. स्टुडिओत व्हायोलिन, सॅक्सोफोन, ढोलक वाजवणाऱ्या शेकडो हातांच्या वाट्याला हे फारसं आलं नाही. त्यातले कितीतरी गोव्याचे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस लोकांच्या ओठी आले ते 1977 च्या एका गमतीदार गाण्यामुळे, तेही त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी गुरूची आठवण ठेवली म्हणून.

कायदा सर्वांत उशिरा आला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याला स्वतःचा हक्क नव्हता. तो 1994 च्या दुरुस्तीने मिळाला आणि सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क 2012 मध्ये. कागदावर ही मोठी मजल आहे. पण लग्नात वाजवणाऱ्याला लेखी करारच मिळत नसेल, तर त्याच्या हाती काय पडणार?

वसईच्या ख्रिस्ती लग्नांत ब्रास बँड हवाच असतो, चर्चमध्ये मराठी गीतांचे गायकवृंद आहेत, विरार लोकलच्या डब्यात भजनी मंडळी टाळ काढतात. यातली भजनं आनंदासाठी आहेत आणि त्यांचं यश तिथल्या तिथेच पूर्ण होतं. बँडवाल्याचं गणित वेगळं. हंगामात किती सुपाऱ्या आल्या, ठरलेले पैसे वेळेवर मिळाले का, पावसाळ्यात घर कशावर चालेल, यावर त्याचं वाजवणं टिकतं. डिसेंबरअखेर वसईच्या कला-क्रीडा महोत्सवात मुलंमुली गाऊन-नाचून बक्षिसं मिळवतात. त्यांच्यातल्या ज्यांना पुढे यावरच जगायचं आहे, त्यांना रियाजाबरोबर करार वाचायला, मानधन ठरवायला आणि आपलं नाव मागून घ्यायलाही याच गावांत शिकवायला हवं.